इंग्रजीसारखी दिसणारी डॅनिश नामं चुकीची लागतात : कारणं आणि उपाय

त्रास कसा दिसतो

डॅनिश कागद हातात येतो. लिपी रोमन, शब्दाची पहिली चार-पाच अक्षरं ओळखीची, त्यामुळे इंग्रजी अर्थ आपोआप लागतो आणि पुढचं सगळं वाक्य त्या अर्थावर बेतलं जातं. गाडीच्या काचेवर खाजगी पार्किंगवाल्यांची ‘कोन्ट्रोलअफगिफ्ट’ अशी चिठ्ठी लावलेली असते. तिच्यात ‘कंट्रोल’ही दिसतं, ‘गिफ्ट’ही दिसतं, म्हणून ती कसलीतरी जाहिरात समजून कचऱ्यात जाते. असते ती दंडाची पावती. मुदत उलटली की स्मरणपत्राचं शुल्क वर चढतं.

डेन्मार्कमध्ये नव्याने आलेल्यांचा, आणि पुण्या-मुंबईत बसून डॅनिश कागदपत्रं हाताळणाऱ्यांचाही, हा नेहमीचा घोळ आहे. भाषेचा वर्ग लावला तरी तो लगेच जात नाही, कारण अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दासाठी उघडत नाही.

खाली डॅनिश शब्द साधारण त्यांच्या स्पेलिंगप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. उच्चार बऱ्याचदा निराळा असतो. ‘टोल्ड’ आणि ‘ब्रान्ड’ या शब्दांतला शेवटचा डी बोलताना ऐकूच येत नाही. कागदावरचा शब्द ओळखायचा आहे, म्हणून इथे स्पेलिंग महत्त्वाचं.

असं का होतं

सारखी सुरुवात तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेली असते, आणि शब्द कोणत्या वाटेने आला यावर अंदाज किती चुकेल ते ठरतं.

पहिली वाट सामायिक मुळाची. नवव्या शतकात डेन लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात वस्ती करून राहिले आणि त्यांची नॉर्स बोली इंग्रजीत मुरली. एग, नाइफ, विंडो, लॉ, हजबंड, स्किन, स्कर्ट, स्काय हे रोजचे इंग्रजी शब्द तिथून आलेले आहेत. पण शब्द इंग्रजीत गेल्यावर अर्थ सरकला. एस-के-वाय हा शब्द नॉर्समध्ये ढगासाठी होता. डॅनिशमध्ये तो आजही ढगच आहे आणि आकाशाला ‘हिमेल’ म्हणतात. हवामानाच्या अंदाजात ‘स्क्यूएर’ दिसलं तर आभाळ मोकळं नाही, ढगाळ आहे. ‘स्क्योर्टे’ म्हणजे शर्ट. इंग्रजी स्कर्टला डॅनिशमध्ये ‘नेदरडेल’. ‘स्टोल’ म्हणजे साधी पाठ असलेली खुर्ची, बिनपाठीचं स्टूल नव्हे. ‘टोय’ म्हणजे कपडे, आणि खेळणं हवं असेल तर पुढे ‘लेगे’ जोडून ‘लेगेटोय’. ‘ब्यू’ म्हणजे शहर; डर्बी, व्हिटबी या इंग्लंडातल्या गावांच्या शेवटी बसलेला तोच हा शब्द. या गटात अंदाज चुकला तरी खऱ्या अर्थाच्या आसपास असतो.

दुसरी वाट लॅटिन आणि फ्रेंचची, पुष्कळदा जर्मनमधून वळसा घेऊन आलेली. ‘शेफ’ म्हणजे साहेब, वरिष्ठ. स्वयंपाक करणारा तो ‘कोक’. ‘ब्लँकेट’ म्हणजे सरकारी छापील अर्ज. पांघरायचं ते ‘टेपे’. ‘नोव्हेले’ म्हणजे लघुकथा, कादंबरीला ‘रोमान’. ‘फाब्रिक’ म्हणजे कारखाना, कापडाला ‘स्टोफ’. हा गट सर्वांत महागात पडतो, कारण हे सगळे कागदोपत्री शब्द आहेत आणि चुकीचा अर्थ वाक्यात ठाकठीक बसतो.

तिसरी वाट निव्वळ योगायोगाची. बी-ए-आर-एन म्हणजे मूल. धान्याच्या कोठाराशी त्याचा संबंध नाही. बी-ओ-जी म्हणजे पुस्तक. आर-ओ-डी म्हणजे मूळ किंवा पसारा. एफ-ए-आर-टी म्हणजे वेग. एस-एल-यू-टी म्हणजे शेवट. इथे अर्थ इतका विसंगत निघतो की माणूस थांबतो आणि कोश उघडतो, म्हणून हे शब्द ऐकायला धक्कादायक असले तरी त्यांच्यापायी नुकसान फारसं होत नाही.

मराठी माणसाला हा प्रकार हिंदीमुळे ठाऊक आहे. हिंदीत शिक्षा शाळेत मिळते, मराठीत गुन्ह्याला. हिंदीतला राजीनामा म्हणजे तडजोड, आपला म्हणजे नोकरी सोडणं. तिथे आपण अडखळत नाही, कारण दोन्ही भाषा लहानपणापासून कानावर असतात. डॅनिश कानावर नसते, म्हणून सावधपणा नियम लावूनच आणावा लागतो.

मुख्य उपाय : शब्द शेपटाकडून वाचा

डॅनिश नामाची खरी ओळख त्याच्या शेवटात असते. लिंग तिथे कळतं, एकवचन-अनेकवचन तिथे कळतं, आणि जोडशब्दात मुख्य वस्तू कोणती तेही शेवटच्या तुकड्यावरून ठरतं. आपण मात्र पहिल्या अक्षरांवर अर्थ लावून मोकळे होतो. क्रम उलटा करा.

१. आधी तो शब्द नाम आहे का ते ठरवा. 1948 पूर्वीच्या छापील मजकुरात हे सोपं होतं, कारण नामाचं पहिलं अक्षर मोठं असे. त्या वर्षीच्या लेखनसुधारणेत ती पद्धत गेली. आता खूण म्हणजे आधी येणारं ‘एन’ किंवा ‘एट’, म्हणजे इंग्रजीतल्या ‘अ’सारखे शब्द. जी-आय-एफ-टी या शब्दाच्या आधी ‘एन’ असेल तर ते नाम, अर्थ विष. अर्जात ‘सिव्हिलस्टान्ड’ या रकान्यात तेच अक्षरशः तसं लिहिलेलं दिसलं तर विशेषण, अर्थ विवाहित; शेजारी ‘उगिफ्ट’ म्हणजे अविवाहित असतंच. भेटवस्तूला डॅनिश शब्द ‘गावे’.

२. शेपूट कापा. इंग्रजीत ‘द’ पुढे येतं, डॅनिशमध्ये तेच नामाच्या मागे चिकटतं : ‘-एन’ किंवा ‘-एट’, अनेकवचनात ‘-ने’. ‘बोगेन’ म्हणजे ते पुस्तक, ‘बार्नेट’ म्हणजे ते मूल. अनेकवचन बहुधा ‘-एर’ किंवा ‘-ए’ लावून होतं. शेपटासकट शब्द छापील कोशात शोधला तर सापडत नाही, किंवा भलताच सापडतो.

३. मधला स्वर बदलला आहे का बघा. ‘बार्न’चं अनेकवचन ‘बोर्न’, ‘मान्ड’चं ‘मेन्ड’, ‘बोग’चं ‘बोगेर’ (इथला ओ तिरप्या रेघेचा), ‘टान्ड’चं ‘टेन्डेर’, ‘नाट’चं ‘नेटेर’. या सगळ्यांत नवा स्वर डॅनिशच्या खास अक्षरांपैकी असतो, त्यामुळे पहिली दोन अक्षरं बदलतात आणि कोशातलं पान हुकतं.

४. जोडशब्द मागून तोडा. शेवटचा तुकडा म्हणजे मुख्य वस्तू, आधीचे तुकडे तिचं वर्णन. सांध्यात कधी एस, कधी ई घुसवलेला असतो. तो काढून टाका. ‘कोन्ट्रोलअफगिफ्ट’ घ्या. शेवटचा तुकडा ‘अफगिफ्ट’, म्हणजे द्यायची रक्कम, आकार. आधीचा ‘कोन्ट्रोल’ म्हणजे तपासणी, ताबा नव्हे. तपासणीत सापडल्यावर भरायचा आकार, असा अर्थ सरळ लागतो. हाच दंड पोलिसांचा किंवा नगरपालिकेचा असेल तर शब्द ‘पार्केरिंग्सअफगिफ्ट’. शेपूट तेच, फक्त पुढचा तुकडा वेगळा. गाडी नोंदवताना भरावा लागणारा ‘रेगिस्ट्रेरिंग्सअफगिफ्ट’ही याच घरातला. ‘अफगिफ्ट’ एकदा कळला की हे सगळे शब्द सुटतात. पहिल्या अक्षरांवर भिस्त ठेवली तर तिन्ही वेगवेगळे घोकावे लागतील.

५. आता उरलेला साधा शब्द कोशात बघा. ‘डेन डान्स्के ओर्डबोग’ हा मोठा कोश ऑर्डनेटच्या संकेतस्थळावर फुकट आहे. शब्दाशेजारी ‘सुब्स्टान्टिव्ह’ म्हणजे नाम. पुढे ‘फेलेसकोन’ असेल तर ‘एन’ घेणारं, ‘इन्टेटकोन’ असेल तर ‘एट’ घेणारं. सुमारे तीन-चतुर्थांश नामं ‘एन’वाली आहेत. अर्थ डॅनिशमध्येच दिलेला असतो. तो अख्खा वाक्यांश उचलून भाषांतराच्या ॲपमध्ये टाका. एकटा शब्द टाकण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

शब्द कोशात सापडतच नाही

डॅनिश वर्णमालेत 29 अक्षरं आहेत. शेवटची तीन, म्हणजे ए-ई जोडलेलं, तिरप्या रेघेचं ओ आणि डोक्यावर गोल असलेलं ए, झेडच्याही नंतर येतात. रेघेच्या ओने सुरू होणारा शब्द साध्या ओपाशी शोधू नका. तो कोशाच्या शेवटी असतो. खुणा गाळून टाइप केलं तर शब्दच बदलतो : एफ-ए-आर म्हणजे बाप, त्याच ए वर गोल दिला की मेंढी. जी-ए-एस म्हणजे गॅस, गोल दिला की हंसजातीचं पाखरू, गूज.

गोलवाला ए 1948 मध्ये अधिकृत झाला; त्याआधी दोन ए लिहीत. ऑर्हुस आणि ऑल्बोर्ग या शहरांची नावं आजही तशी लिहिलेली दिसतात, ऑर्हुसच्या नगरपालिकेने तर 2011 पासून दोन ए अधिकृतपणे परत आणले. क्रम लावताना मात्र हे दोन ए गोलवाल्या ए बरोबर, म्हणजे यादीच्या तळाशी जातात. म्हणूनच आरती किंवा आरव हे नाव दोन ए लावून लिहिलेलं असेल तर डॅनिश क्रमवारी लावलेल्या संगणकाच्या यादीत ते वर न दिसता झेडच्या खाली सापडण्याची दाट शक्यता असते. नाव यादीत नाही म्हणून तक्रार करण्याआधी तळ बघा.

टाइप करायला : फोनवर ए किंवा ओ दाबून धरलं की ही अक्षरं वर येतात. विंडोजवर नमलॉक चालू ठेवून, ऑल्ट दाबून आकड्यांच्या पॅडवर 0230 म्हणजे जोडलेलं ए-ई, 0248 म्हणजे रेघेचा ओ, 0229 म्हणजे गोलवाला ए. मॅकवर ऑप्शन आणि ओ, तसंच ऑप्शन आणि ए. रोज काम पडत असेल तर सरळ डॅनिश कीबोर्ड जोडून घ्या.

भाषांतराचं ॲप चुकीचा अर्थ देतं

मूळ भाषा ‘आपोआप ओळखा’वर ठेवलेली असते, हे याचं सर्वांत नेहमीचं कारण. एकटा ‘गिफ्ट’ किंवा ‘ब्रान्ड’ टाकला की ॲप त्याला इंग्रजी समजतं आणि जसाच्या तसा परत देतं. मूळ भाषा हाताने डॅनिशवर लावा.

दुसरं कारण शेजारच्या भाषा. लिखित नॉर्वेजियन आणि डॅनिश इतक्या जवळच्या आहेत की छोट्या मजकुरावरून ॲपला फरक कळत नाही. ‘फ्रोकोस्ट’ डेन्मार्कमध्ये दुपारचं जेवण आहे, नॉर्वेत सकाळची न्याहारी. कार्यालयाच्या निमंत्रणात हा शब्द असेल आणि ॲपने नॉर्वेजियन धरलं, तर माणूस चार तास आधी उपाशी येऊन बसतो. डॅनिश न्याहारी म्हणजे ‘मोर्गेनमाड’.

कॅमेऱ्याने भाषांतर करताना एक शब्द चौकटीत घेऊ नका, अख्खी ओळ घ्या. डिजिटल पोस्टमधून, म्हणजे सरकारी ऑनलाइन टपालपेटीतून, आलेलं पत्र बहुधा पीडीएफ असतं. त्यातला मजकूर निवडून पूर्ण परिच्छेद चिकटवा. ओळीच्या शेवटी जोडरेघ देऊन तोडलेला शब्द असेल तर तो आधी जोडून घ्या, नाहीतर ॲप दोन अर्धवट तुकड्यांची दोन भाषांतरं करतं.

बँक, घर आणि सोसायटी

खरा पैसा इथे जातो, म्हणून सावकाश बघू.

‘रेन्टे’ म्हणजे व्याज. भाडं म्हणजे ‘हुसलाये’. भाडेकरारात ‘देपोसिटुम’ म्हणजे अनामत, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. आणि ‘फोरउदबेटाल्ट लाये’ म्हणजे आगाऊ भाडं, तेही जास्तीत जास्त तीन महिन्यांचं. दोन्ही एकाच वेळी मागता येतात, म्हणून घरात पाऊल ठेवण्याआधी मोठी रक्कम लागते. ‘अकोन्टो’ हा ‘अकाउंट’ वाटतो. तो उष्णता किंवा पाण्यापोटी दरमहा भरायचा अंदाजे आगाऊ पैसा आहे. वर्षाअखेर खरा वापर मोजून हिशेब होतो, आणि फरक परत मिळतो किंवा भरावा लागतो. आपलं खातं म्हणजे ‘कोन्टो’.

गृहकर्जाच्या कागदात तर अशा नामांची रांगच असते. ‘राटे’ म्हणजे हप्ता. दर म्हणजे ‘साट्स’, व्याजदर ‘रेन्टेसाट्स’. ‘टेर्मिन’ म्हणजे हप्त्याचा ठरलेला काळ. घरकर्जात साधारण वर्षाला चार. दवाखान्यात हाच शब्द बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेसाठी वापरतात. ‘ओब्लिगात्सिओन’ म्हणजे कर्जरोखा. बंधन, जबाबदारी हा इंग्रजी अर्थ इथे लावू नका. ‘कुर्स’ म्हणजे त्या रोख्याचा बाजारभाव. अभ्यासक्रम तो ‘कुर्सुस’. ‘अफड्राग’ म्हणजे मुद्दलाची परतफेड, ‘बिड्राग’ म्हणजे कर्जसंस्थेचा आकार, आणि व्याज, अफड्राग व बिड्राग यांची बेरीज ती ‘यूदेल्से’.

‘कुर्स’ नीट समजून घ्या, कारण अर्थ चुकला की हातात किती पैसे येणार तेच चुकतं. समजा 20 लाख क्रोनरचं रोख्यांवरचं कर्ज घेतलं आणि त्या दिवशी कुर्स 97 आहे. हातात येतात 19 लाख 40 हजार. फेडायचे असतात 20 लाख. मधल्या 60 हजारांना ‘कुर्सटाब’ म्हणतात. ‘टाब’ म्हणजे तोटा, शेवटचा तुकडा. शब्द मागून वाचला असता तर पहिल्या नजरेतच कळलं असतं की ही तोट्याची रक्कम आहे.

आकड्यांचंही पाहून घ्या. डॅनिश ‘मिलिआर्द’ म्हणजे आपला अब्ज. डॅनिश ‘बिलिओन’ म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनच्या हजारपट. शिवाय डॅनिशमध्ये हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम असतो : 1.500,00 म्हणजे पंधराशे. किंमत वाचताना ‘मोम्स’ दिसलं तर तो मूल्यवर्धित कर, 25 टक्के.

‘फ्रिस्ट’ हा छोटा शब्द घाईत ‘फर्स्ट’ वाचला जातो. तो अंतिम मुदत आहे. पत्रात ‘फ्रिस्ट’पुढे तारीख असेल तर आधी ती कॅलेंडरात नोंदवा, मग बाकीचं पत्र लावत बसा.

सोसायटीची वार्षिक सभा असेल तर कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी ‘एव्हेन्टुएल्ट’ येतं. त्याचा अर्थ इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’सारखा ‘अखेरीस’ नव्हे, आपल्याकडचे ‘ऐनवेळचे विषय’ ते हेच. त्या सदरात चर्चा होते, ठराव मंजूर होत नाही. म्हणून तुमचा प्रस्ताव मतदानाला यायला हवा असेल तर तो मुदतीत लेखी द्या, एव्हेन्टुएल्टवर सोडू नका. ‘रेफेराट’ म्हणजे इतिवृत्त, ‘फोर्मान्ड’ म्हणजे अध्यक्ष. मुकादम वगैरे नव्हे.

पत्त्यात ‘2. साल टीव्ही’ असं दिसलं तर ना कसला सेल आहे, ना दूरचित्रवाणी. ‘साल’ म्हणजे मजला. टी-व्ही म्हणजे डावीकडे, टी-एच म्हणजे उजवीकडे, एम-एफ म्हणजे मधलं दार, एस-टी म्हणजे तळमजला. डावं-उजवं जिना चढून येणाऱ्याच्या बाजूने धरतात. पार्सल वारंवार शेजारी जात असेल तर पत्त्यातला हाच तुकडा गाळला गेला आहे का ते तपासा.

किराणा आणि स्वयंपाकघर

शाकाहारी घरात सर्वाधिक चूक ‘फ्लेस्क’ आणि ‘फोन्ड’ या दोन शब्दांत होते. इंग्रजी फ्लेशशी नातं असलेला ‘फ्लेस्क’ कोणतंही मांस नव्हे, खास डुकराचं. चिप्सच्या फळीवर ‘फ्लेस्केस्वेर’ची पाकिटं असतात, ती डुकराच्या कातडीची कुरकुरीत तळणी आहे. ‘फोन्ड’ बँकेच्या भाषेत निधी किंवा प्रतिष्ठान, पण सूपच्या फळीवर तोच शब्द हाडांच्या अर्कासाठी. ‘होन्सेफोन्ड’ कोंबडीचा, ‘काल्वेफोन्ड’ वासराचा. भाज्यांचा हवा असेल तर पुढचा तुकडा ‘ग्रोन्टसाग्स’ असायला हवा. चीजच्या घटकांत ‘लोबे’ म्हणजे दूध फाडणारं विकर, रेनेट. ते प्राणिज असू शकतं. ‘मिक्रोबिएल’ असं लिहिलेलं असेल तर सूक्ष्मजीवांपासून केलेलं.

जिऱ्याचा घोटाळा घराघरांत होतो. ‘कोमेन’ हा शब्द आणि इंग्रजी क्युमिन एकाच मुळाचे. पण डॅनिश ‘कोमेन’ म्हणजे कॅरावे, आपल्या शहाजिऱ्याच्या जातकुळीतलं. डॅनिश चीजमध्ये ते पेरलेलं असतं. फोडणीचं जिरं म्हणजे ‘स्पिड्सकोमेन’. पहिल्या अक्षरांवर विसंबून कोमेन आणलं की आमटीला बडीशेपेकडे झुकणारा वास येतो आणि दोष डाळीला जातो. दाणे शेजारी ठेवून बघा : कॅरावे जास्त गडद, अधिक वाकडं, विळ्यासारखं, जिरं फिकट आणि सरळ.

‘मेल’ म्हणजे पीठ, जेवण नव्हे. पण ‘कार्तोफेलमेल’ हे बटाट्याचं पीठ नसून बटाट्याचा स्टार्च आहे. रस दाट करायला चमचाभर पुरतो, थालीपिठात घातला तर गिचका होतो. बेसनाच्या सर्वांत जवळचं ते ‘किकएर्टेमेल’. ‘कोर्न’ म्हणजे सर्वसाधारण धान्य. मका म्हणजे ‘माइस’. ‘फुल्डकोर्न’ असेल तर कोंड्यासकट. रव्यासाठी ‘सेमुल्ये’ शोधा. ‘नात्रोन’ हा खायचा सोडा, ‘बागेपुल्वर’ ही बेकिंग पावडर. ढोकळ्यात एकाऐवजी दुसरं त्याच मापाने घालू नका, सोडा कितीतरी तीव्र असतो.

‘सोदमेल्क’चा शब्दशः अर्थ गोड दूध, पण त्यात साखर नसते, 3.5 टक्के स्निग्धांशाचं ते पूर्ण दूध. दही लावायला हेच घ्या. ‘मार्मेलादे’ संत्र्याचाच असतो असं नाही, कोणत्याही फळाचा जॅम. ‘ओस्ट’ म्हणजे चीज. रेघेचा ओ लावला की पूर्व दिशा. ‘पेबर’ मिरी, ‘पेबरफ्रुग्ट’ ढोबळी मिरची.

औषध आणि विष

‘रेसेप्ट’ म्हणजे डॉक्टरांचं औषधपत्र. पावती नव्हे, पाककृतीही नव्हे. पावती म्हणजे ‘क्विटेरिंग’ किंवा दुकानातली ‘बोन’, पाककृती म्हणजे ‘ओप्स्क्रिफ्ट’. औषधाच्या दुकानात विमा-परताव्यासाठी पावती हवी असेल आणि तुम्ही रेसेप्ट मागितलं, तर ते तुमचं औषधपत्र संगणकावर शोधू लागतात. ‘रेसेप्टफ्री’ किंवा ‘होन्डकोब’ लिहिलेलं औषध चिठ्ठीविना मिळतं.

बाटलीवर ‘गिफ्ट’ किंवा ‘गिफ्टिग’ असेल तर ते विष आहे, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. कोणी प्यायलं असेल आणि शुद्धीवर असेल तर ‘गिफ्टलिन्येन’ ही विषबाधा मदतवाहिनी चोवीस तास चालू असते : 82 12 12 12. शुद्ध हरपली असेल, श्वासाला त्रास असेल तर थेट 112. वाहिनीचं नाव वाचून ती भेटवस्तूंची सेवा समजू नका. नंबर आधीच फोनमध्ये मराठी नावाने साठवून ठेवा.

नोकरी, शाळा, विद्यापीठ

‘लागर’ म्हणजे गोदाम. नोकरीच्या जाहिरातीतला ‘लागरमेदआर्बाइदर’ बिअरच्या कारखान्यातला नव्हे, गोदामातला कर्मचारी. ‘प्रोविसिओन’ म्हणजे विक्रीवरचं कमिशन. ‘कोन्कुरेन्से’ म्हणजे स्पर्धा आणि ‘कोन्कुर्स’ म्हणजे दिवाळखोरी. पहिली सहा अक्षरं एकसारखी. डॅनिशच्या आतसुद्धा सुरुवात अशी फसवते.

‘ग्युम्नासियुम’ ही तीन वर्षांची उच्च माध्यमिक शाळा, व्यायामशाळा नव्हे. ‘काराक्टेर’ म्हणजे गुण. श्रेणी 12, 10, 7, 4, 02, 00 आणि उणे 3 अशा सात, उत्तीर्ण व्हायला किमान 02. ‘स्टुडेन्ट’ म्हणजे ग्युम्नासियुम पास झालेला. विद्यापीठात शिकत असलेला तो ‘स्टुडेरेन्डे’. अर्जात चुकीचा रकाना भरला जातो तो इथेच. ‘अद्युन्क्ट’ म्हणजे सहायक प्राध्यापक, अमेरिकेतल्यासारखा तासिका तत्त्वावरचा नव्हे. ‘लेक्टोर’ त्याच्या वरचा, सहयोगी प्राध्यापक. ‘पेदागोग’ बालवाडीत मुलांना सांभाळणारे प्रशिक्षित कर्मचारी.

टी-आय-एम-ई म्हणजे तास. ‘टीमेलोन’ म्हणजे ताशी वेतन. वेळेला ‘टिड’ म्हणतात, आणि डॉक्टरकडची ठरवून घेतलेली वेळही ‘टिड’च.

पाट्या

‘फार्टकोन्ट्रोल’ वेगाची तपासणी. ‘फारे’ धोका, तिकिटाचं भाडं नव्हे. ‘ब्रान्ड’ आग, म्हणून ‘ब्रान्डडोर’ आगीपासून संरक्षणाचं दार, ते उघडं अडकवून ठेवायचं नसतं. एफ-आय-आर-ई म्हणजे चार. ‘टोल्ड’ जकात, विमानतळावर हा शब्द दिसला की सामानातल्या वस्तू जाहीर करायची जागा. ‘स्पोर’ रेल्वेचा रूळ, पुढचा आकडा तुमच्या फलाटाचा.

एवढं करूनही अर्थ जुळत नसेल

मग लिंग तपासा. स्पेलिंग तेच, पण ‘एन’ आणि ‘एट’मुळे अर्थ बदलणारी नामं डॅनिशमध्ये बरीच आहेत, आणि कोशातली पहिली नोंद वाचून थांबलं की दुसरी राहते. ‘एन फ्यूर’ म्हणजे गडी, पोरगा. ‘एट फ्यूर’ म्हणजे दीपगृह किंवा घर तापवायचा बॉयलर. ‘एन सोम’ शिवण, ‘एट सोम’ खिळा. ‘एन फ्रो’ बेडूक, ‘एट फ्रो’ बी. ‘एन नोयले’ किल्ली, ‘एट नोयले’ लोकरीचा गुंडा. ‘एन ओरे’ क्रोनरचा शंभरावा भाग, ‘एट ओरे’ कान. वाक्यात ‘एन’-‘एट’ पुढे दिसत नसेल तर शेपूट बघा : ‘फ्यूरेट’ लिहिलं असेल तर बॉयलरवाल्याला बोलवायचं आहे, ‘फ्यूरेन’ असेल तर कोणा माणसाबद्दल चाललं आहे. घरमालकाच्या निरोपात हे एक अक्षर नीट वाचलं नाही, तर थंडीत दुरुस्तीची तारीख हुकते.